कोरडे पडलेले दात : एका शाफ्ट ड्राइव्हचा घरच्या गॅरेजमधील तपास

हे प्रकरण होंडा व्हॅल्करी या मोटारसायकलच्या शाफ्ट ड्राइव्हचे आहे. गाडी 1999 सालची असून तिचे मालक माझे आतेभाऊ आहेत. ते मूळचे साताऱ्याचे, पण गेली अनेक वर्षे अमेरिकेतील ओहायो राज्यात कोलंबस शहराजवळ राहतात. मीही त्याच परिसरात राहतो आणि गिअर व बेअरिंग यांच्याशी संबंधित नोकरी करतो, त्यामुळे या तपासात मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्यांच्यासोबत होतो. व्हॅल्करीचे इंजिन 1520 सीसीचे, आडव्या मांडणीचे, सहा सिलिंडरचे आणि पाण्याने थंड होणारे आहे, गाडीचे वजन तीनशे किलोंहून अधिक आहे आणि इंजिनाची ताकद मागच्या चाकापर्यंत साखळीऐवजी शाफ्टने, म्हणजे फिरणाऱ्या पोलादी दांड्याने, पोहोचते. ही गाडी ओहायोतीलच मेरिसव्हिल येथील कारखान्यात बनत असे. त्यामुळे या भागात जुन्या व्हॅल्करी अजून रस्त्यावर दिसतात आणि त्यांचे सुटे भागही शोधल्यास मिळतात.

दादांनी ही गाडी घेण्याचे मुख्य कारण शाफ्ट हेच होते. साताऱ्यात मोटारसायकल चालवताना दर महिन्याला साखळी केरोसीन आणि ब्रशने घासायची, तिला नव्वद नंबरचे तेल द्यायचे, ढिली पडली की ताणायची आणि शेवटी चेन-स्प्रॉकेटचा संच बदलायचा, हे त्यांनी पुष्कळ वर्षे केले होते. जुन्या मालकाने गाडी देताना त्यांना सांगितले होते की शाफ्टला काहीही करावे लागत नाही. हा समज फार जुना आणि फार पसरलेला आहे. बीएमडब्ल्यूने 1923 मध्ये आपली पहिली मोटारसायकल आर 32 शाफ्टसह आणली, होंडाची गोल्ड विंग 1970 च्या दशकाच्या मध्यात शाफ्टसह आली, आणि लांब पल्ल्याचा प्रवास करणाऱ्यांना शाफ्ट आवडला तो याच कारणाने की रोज संध्याकाळी मुक्कामी पोहोचल्यावर हात काळे करावे लागत नाहीत. रोजच्या कामापुरते हे खरेच आहे. मात्र शाफ्टची देखभाल नाहीशी झालेली नसते. ती कमी वेळा करावी लागते आणि करण्याची जागा चाकामागे दडलेली असते. या प्रकरणातील सगळे नुकसान या दडलेल्या जागेत झाले.

तक्रार आणि पहिला अंदाज

गाडीने 61,000 मैल पूर्ण केल्यानंतर दादांना कमी वेगात एक ठोका जाणवू लागला. दुसऱ्या गिअरमध्ये, वाहतुकीत रेंगाळताना, थ्रॉटल सोडून पुन्हा दिला की गाडीच्या मागच्या भागातून टक् असा धातूचा आवाज येई. महामार्गावर एकाच वेगाने जाताना काहीच जाणवत नसे. शाफ्टच्या गाडीत असा थोडासा ठोका असतोच, कारण शाफ्टच्या मार्गावर गिअरच्या जोड्या आणि स्प्लाइनचे सांधे (एकावरील दात दुसऱ्याच्या खाचांत सरकवून केलेली जोडणी) एकामागे एक असतात आणि प्रत्येकात थोडा मोकळा खेळ, म्हणजे हलायला जागा, ठेवावाच लागतो. लक्ष द्यायचे ते ठोका आहे की नाही याकडे नव्हे, तर तो वाढतो आहे का याकडे. दादांच्या सांगण्यानुसार तो मागच्या उन्हाळ्यापेक्षा निश्चितपणे वाढला होता.

पुढचे समजण्यासाठी या गाडीतील ताकदीचा मार्ग डोळ्यांसमोर हवा. गिअरबॉक्समधून बाहेर येणारा शाफ्ट प्रथम युनिव्हर्सल जॉइंटला जोडलेला असतो, कारण चाक खड्ड्यात खाली-वर होते तेव्हा शाफ्टला कोन बदलावा लागतो. तेथून शाफ्ट स्विंगआर्मच्या, म्हणजे मागचे चाक धरून खाली-वर हलणाऱ्या भागाच्या, पोकळ नळीतून मागे जातो आणि फायनल ड्राइव्हच्या पिनियनला स्प्लाइनने जोडला जातो. फायनल ड्राइव्ह म्हणजे तेलाने भरलेली ॲल्युमिनियमची पेटी. तिच्यात पिनियन (लहान गिअर) आणि रिंग गिअर (कड्यासारखा मोठा गिअर) ही जोडी फिरण्याची दिशा काटकोनात वळवते. रिंग गिअरच्या पोटात आतल्या बाजूने दात कापलेले असतात. चाकाच्या हबवर, म्हणजे मधल्या भागावर, एक फ्लँज (जाड चकती) असते, तिच्या मानेवर बाहेरच्या बाजूने तसेच दात असतात आणि चाक बसवताना ही मान रिंग गिअरच्या पोटात सरकते. फ्लँजच्या दुसऱ्या बाजूला पाच जाड खुंट्या असून त्या चाकाच्या हबमधील रबरी बुशांत बसतात, जेणेकरून इंजिनाचे धक्के थेट दातांवर येऊ नयेत.

या मांडणीतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की फायनल ड्राइव्हमधील तेल फक्त पिनियन आणि रिंग गिअरच्या दातांना मिळते. फ्लँज जेथे रिंग गिअरमध्ये शिरते ती जागा ऑइल सीलच्या, म्हणजे तेल आत अडवणाऱ्या कड्याच्या, बाहेर असते. तेथे तेल पोहोचत नाही आणि पोहोचूही नये. त्या सांध्याला वंगण मिळते ते केवळ माणसाने चाक काढून हाताने लावले तरच.

ठोक्याचे मूळ शोधण्यासाठी गाडी फ्रेमखाली जॅक घालून मागचे चाक अधांतरी केले, इंजिन बंद ठेवून पहिला गिअर टाकला आणि चाक हाताने पुढे-मागे हलवले. या चाचणीत हाताला जे कळते त्यातून बरेच काही ओळखता येते. रबरी बुश झिजले असतील तर खेळ मऊ लागतो आणि हात सोडल्यावर चाक थोडे परत येते. खेळ स्प्लाइनमध्ये असेल तर चाक मोकळे फिरते आणि धातूवर धातू आपटून एकदम थांबते. गिअरबॉक्समधील खेळ प्रत्येक गिअरमध्ये वेगळा असतो, तर चाकाजवळचा खेळ कोणत्याही गिअरमध्ये तेवढाच राहतो. चाकाचे बेअरिंग झिजले असेल तर चाक वरच्या आणि खालच्या टोकाला धरून आडवे हलवल्यास ते डुलते. आमच्या गाडीत बेअरिंग ठीक होते, मऊपणा नव्हता, पण धातूचा स्पष्ट ठोका होता आणि तो सगळ्या गिअरमध्ये सारखाच होता. त्याशिवाय टॉर्चच्या उजेडात हब आणि फायनल ड्राइव्ह यांच्यामधील फटीच्या कडेला विटकरी रंगाची बारीक भुकटी चिकटलेली दिसली. ती पाहिल्यावर मला बराचसा अंदाज आला, पण चाक काढल्याशिवाय बोलण्यात अर्थ नव्हता.

उघडणी

व्हॅल्करीचे मागचे चाक काढणे घरी जमण्यासारखे आहे, मात्र गाडीचे वजन पाहता ती पक्की उभी राहील याची खात्री करण्यात जो वेळ जाईल तो जाऊ द्यावा. फ्रेमच्या दोन्ही नळ्यांना आधार देणारा रुंद जॅक वापरावा आणि गाडी पट्ट्यांनी दोन्ही बाजूंनी बांधावी. शॉक ॲब्सॉर्बरचे खालचे बोल्ट काढले की स्विंगआर्म खाली येतो आणि चाकाला बाहेर पडायला वाट मिळते. ब्रेक कॅलिपर काढल्यावर तो होजवर लटकत ठेवू नये, दोरीने फ्रेमला बांधून ठेवावा. त्यानंतर ॲक्सल बाहेर ओढायचा आणि चाक फायनल ड्राइव्हपासून बाजूला सरकवायचे. चांगल्या स्थितीतील सांध्यात या क्षणी चाक हलक्या ओढीने सुटते, फ्लँजवर काळे, ओलसर मलम दिसते आणि ओ-रिंगमुळे (फट बंद करणाऱ्या रबरी कड्यांमुळे) थोडा चिकटपणा जाणवतो.

आमचे चाक अडकून बसले होते. रबरी हातोड्याने टायरवर आळीपाळीने ठोके दिल्यावर ते करकरत सुटले आणि फटीतून कोरडी लाल भुकटी जमिनीवर पडली. फ्लँजवर वंगणाचा मागमूस नव्हता. दातांच्या मुळाशी काही ठिकाणी राखाडी रंगाचा कडक थर होता. कधीकाळी लावलेल्या ग्रीसचा तो उरलेला अंश असावा. फ्लँजवरील ओ-रिंगांपैकी एक जागेवरच नव्हती आणि जी होती ती सपाट होऊन प्लॅस्टिकसारखी कडक झाली होती.

त्यानंतर फायनल ड्राइव्हचे चार नट सोडून ती पेटी शाफ्टसह मागे ओढून काढली. येथे एक काळजी घ्यावी लागते. पेटीत तेल असते आणि तिला श्वासासाठी बारीक छिद्र असते, त्यामुळे ती आडवी ठेवली तर तेल छिद्रातून बाहेर येते आणि पाहणारा ऑइल सील गळते आहे असे समजून बसतो. ती गाडीवर असते तशीच उभी ठेवावी. शाफ्टचे मागचे टोक आणि पिनियनचा सांधा मात्र समाधानकारक निघाला. तेथे सील शाबूत होते, ग्रीस काळे पण ओले होते आणि दात तीक्ष्ण झालेले नव्हते. नुकसान एकाच सांध्यापुरते मर्यादित होते, हे या प्रकरणातील सुदैव.

फ्लँज केरोसीन आणि ब्रशने स्वच्छ करून पाहिली. नव्या फ्लँजच्या दातांचा माथा सपाट असतो आणि दोन्ही बाजू सारख्या असतात. येथे पुढे जाण्याच्या दिशेने भार घेणारी बाजू खरवडली गेली होती आणि माथा निमुळता होऊन बहुतेक धारेवर आला होता. दाताचा जो थोडासा भाग रिंग गिअरच्या बाहेर राहतो तो मूळच्या जाडीचा असतो, त्यामुळे मोजमापासाठी नव्या भागाची गरज पडत नाही. न झिजलेल्या भागाची आणि झिजलेल्या भागाची जाडी व्हर्निअरने मोजली तेव्हा फरक अर्ध्या मिलीमीटरच्या जवळ आला. एवढ्याशा दाताच्या मानाने ही झीज फार मोठी आहे. रिंग गिअरच्या आतील दातांची झीज मोजणे अवघड, पण नखाने चाचपले की फ्लँज जेथपर्यंत शिरत होती तेथे स्पष्ट पायरी लागत होती.

झीज कशी झाली

पुष्कळांना असे वाटते की फ्लँज आणि रिंग गिअर एकत्रच फिरतात, मग त्यांच्यात घासण्यासारखे काय आहे? प्रश्न रास्त आहे आणि उत्तर समजून घेण्यासारखे आहे. चाकाचा अक्ष आणि रिंग गिअरचा अक्ष गणिती अर्थाने एकाच रेषेत कधीच नसतात. ॲक्सल थोडा वाकतो, बुश थोडे दबतात, फायनल ड्राइव्ह बसवताना केसभर तिरकी बसते. या तिरकेपणामुळे प्रत्येक दात चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात आपल्या जोडीदारावर थोडासा पुढे सरकतो आणि थोडासा मागे येतो. व्हॅल्करीच्या मागच्या टायरचा आकार 180/70-16 असा आहे, म्हणजे घेर साधारण 2.07 मीटर, आणि एका किलोमीटरला सुमारे 480 फेरे. दहा हजार किलोमीटरमध्ये प्रत्येक दात जवळजवळ 48 लाख वेळा असा मागे-पुढे सरकतो, आणि तेही पूर्ण भाराखाली.

वंगण नसताना या सूक्ष्म हालचालीत पोलादाच्या पृष्ठभागाचे कण निघतात, हवेशी संयोग पावून त्यांचा लोखंडाचा लाल ऑक्साइड होतो आणि ती कठीण भुकटी पुढे स्वतःच घासणीचे काम करते. त्यामुळे झीज सरळ रेषेत वाढत नाही, सुरू झाली की तिचा वेग वाढतच जातो. फटीतील विटकरी भुकटी हे याच प्रक्रियेचे चिन्ह होते. ओ-रिंग नसल्याने पावसाचे आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकल्या जाणाऱ्या मिठाचे पाणी आत जायला वाट होतीच, आणि उरलेसुरले ग्रीस बाहेर फेकले जायलाही तीच वाट होती.

साधे ग्रीस येथे का चालत नाही, हे याच हालचालीवरून कळते. बेअरिंगमध्ये ग्रीस फिरत राहते आणि पुन्हा-पुन्हा संपर्काच्या जागी येते. स्प्लाइनमध्ये ते एकदा दाबाखालून बाहेर ढकलले गेले की परत येत नाही. म्हणून या सांध्यासाठी मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे प्रमाण भरपूर असलेली पेस्ट लागते. होंडा अशा जागी चाळीस टक्क्यांहून अधिक मॉलिब्डेनम डायसल्फाइड असलेली पेस्ट वापरायला सांगते. या पदार्थाची रचना थरांची आहे. मॉलिब्डेनमच्या अणूंचा एक थर गंधकाच्या दोन थरांमध्ये असतो आणि लगतच्या गंधक-थरांमधील पकड फार क्षीण असते, त्यामुळे पत्त्यांच्या कॅटमधील पाने सरकावीत तसे हे थर दाबाखालीही एकमेकांवर सरकतात. पेस्टमधील तेलाचा अंश उडून गेला तरी हा घन थर पोलादाला चिकटून राहतो. दुकानात मिळणारे काळे मॉली ग्रीस याच नावाखाली विकले जाते, पण त्यात मॉलिब्डेनम डायसल्फाइड बहुधा तीन ते पाच टक्केच असते. बेअरिंगसाठी ते चांगले आहे, या सांध्यासाठी ते पुरत नाही.

आता मूळ प्रश्न उरतो : हे वंगण लावायचे राहिले कसे? जुन्या मालकाने गाडीसोबत बिलांची फाइल दिली होती. तीत इंजिन ऑइल, ब्रेक पॅड, बॅटरी यांच्या नोंदी होत्या, मागचा टायर अनेकदा बदलल्याच्याही नोंदी होत्या, पण स्प्लाइन पेस्टची किंवा ओ-रिंगची एकही नोंद नव्हती. टायर प्रत्येक वेळी टायरच्या दुकानात बदलला गेला होता. दुकानाचे काम टायर बदलण्याचे, आणि ते त्यांनी केले. मोटारसायकलच्या सर्व्हिसिंगसाठी गाडी जात होती तेथे मागचे चाक काढायचे कारणच पडत नव्हते. चाक जे काढत होते त्यांच्या यादीत स्प्लाइन नव्हती, आणि स्प्लाइन ज्यांच्या यादीत होती ते चाक काढत नव्हते. मला हा या प्रकरणाचा गाभा वाटतो. येथे कोणी एकट्याने निष्काळजीपणा केला असे म्हणता येत नाही. काम दोन टेबलांच्या मधल्या फटीत पडले, आणि ही फट भरून काढू शकणारी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे गाडीचा मालक.

निर्णय

आमच्यापुढे तीन मार्ग होते. पहिला, सगळे स्वच्छ करून पेस्ट लावायची आणि गाडी चालवत राहायची. दुसरा, फक्त फ्लँज नवी घालायची. तिसरा, फ्लँजसोबत फायनल ड्राइव्हही बदलायची.

पहिला मार्ग मी लगेच बाजूला ठेवला. दात धारेवर आले की भार घेणारे क्षेत्र कमी होते, दाब वाढतो आणि चांगली पेस्टही टिकत नाही. दात पूर्ण तुटले तर इंजिन फिरत राहते आणि चाकाला ताकद मिळणे एकाएकी बंद होते. महामार्गावर मागून भरधाव ट्रक येत असताना ही वेळ कोणावरही येऊ नये.

दुसऱ्या मार्गाबाबत दादांचे आणि माझे मत जुळले नाही. त्यांचे म्हणणे असे की, "रिंग गिअरचे दात अजून जाड आहेत, मग सगळी पेटी कशाला बदलायची?" त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते, कारण रिंग गिअर आणि पिनियन ही जोडी म्हणून जुळवलेली असतात, त्यांतील एकच गिअर बदलता येत नाही, आणि नवी संपूर्ण पेटी घेणे या वयाच्या गाडीसाठी फार महागाचे आहे. वाद तर्काने मिटवण्यापेक्षा आम्ही नवी फ्लँज मागवली आणि जुन्या रिंग गिअरमध्ये बसवून पाहिली. फ्लँज हाताने फिरवली असता खेळ पूर्वीपेक्षा कमी होता, तरीही स्पष्ट जाणवत होता. शिवाय रिंग गिअरमधील पायरीमुळे नव्या दातांचा संपर्क पूर्ण लांबीवर येत नव्हता. नव्या फ्लँजचे आयुष्य झिजलेल्या जोडीदाराच्या हाती द्यायचे नाही, यावर मग आमचे एकमत झाले.

शेवटी जुन्या मोटारसायकली सुट्या करून भाग विकणाऱ्या दुकानातून वापरलेली फायनल ड्राइव्ह घेतली. अशी पेटी घेताना बाहेरून चकचकीत असण्याला फारशी किंमत नसते. रिंग गिअरच्या पोटातील दात टॉर्चने पाहावेत, नखाने पायरी लागते का ते चाचपावे. पिनियन हाताने सावकाश अनेक फेरे फिरवावे, कोठेही खरखर किंवा अडखळ लागता कामा नये. तेल काढून काचेच्या बाटलीत उजेडासमोर धरावे. राखाडी छटा आणि अतिशय बारीक चमक ही सामान्य आहे, पण बोटाला टोचणारे तुकडे किंवा दुधासारखा पांढुरका रंग दिसला तर पेटी परत करावी, कारण पहिले गिअर किंवा बेअरिंग तुटत असल्याचे आणि दुसरे पाणी शिरल्याचे लक्षण आहे. आम्हाला मिळालेल्या पेटीतील दात सपाट माथ्याचे होते आणि त्यांवर ओली काळी पेस्ट होती. तिच्या आधीच्या मालकाने हे काम वेळच्या वेळी केले होते, हे त्या पेस्टवरून कळत होते.

जोडणी

रबरी बुशांना बाहेरून तडे दिसत नव्हते, तरी बुशांतील ढिलाईमुळे फ्लँज तिरकी चालते आणि झीज वाढते, म्हणून ते बदलण्याचे ठरवले. जुने बुश हबमधून बाहेर काढणे हे या सगळ्या कामातील सर्वांत कष्टाचे काम आहे, आणि घरी योग्य पुलर नसेल तर तेवढ्यापुरते चाक कोणा मशीन शॉपमध्ये नेणे शहाणपणाचे ठरते. आम्ही तेच केले.

फायनल ड्राइव्ह बसवताना प्रथम शाफ्टचे पुढचे टोक युनिव्हर्सल जॉइंटच्या स्प्लाइनमध्ये शिरवावे लागते. आत दिसत नसल्यामुळे ते अंदाजाने करावे लागते. गिअर टाकलेला ठेवून पेटी हलकेच ढकलत पिनियन रिंग गिअरमधून थोडे-थोडे फिरवत राहिले की दात जुळतात आणि पेटी एकदम अर्धा इंच आत जाते. ती स्विंगआर्मच्या तोंडाला सपाट टेकली नाही तर नट आवळून ओढून घेऊ नये. दात जुळलेले नाहीत एवढाच त्याचा अर्थ असतो, आणि जबरदस्ती केल्यास ॲल्युमिनियमचे कान तुटतात.

त्यानंतर येते ती पायरी, जिच्याकडे घाईत सर्वाधिक दुर्लक्ष होते. फायनल ड्राइव्हचे चार नट या टप्प्यावर पूर्ण आवळायचे नसतात, बोटाने आवळून थोडे ढिले ठेवायचे असतात. मग चाक बसवायचे, ॲक्सल घालायचा, ॲक्सलचा नट मॅन्युअलात दिलेल्या टॉर्कने, म्हणजे ठरलेल्या जोराने, आवळायचा आणि त्यानंतरच फायनल ड्राइव्हचे नट आवळायचे. असे केल्याने पेटीला चाकाच्या अक्षाशी जुळवून घ्यायला मोकळीक मिळते. क्रम उलटा केला तर पेटी आधी स्विंगआर्मला जखडली जाते, ॲक्सल तिला बळाने ओढतो, आणि वर ज्या तिरकेपणाचे वर्णन केले तो आपणच कायमचा बसवून ठेवतो. पेस्ट लावूनही काही गाड्यांचे दात पुन्हा झिजतात, त्याचे कारण बहुधा येथे सापडते.

पेस्ट फ्लँजच्या प्रत्येक दाताच्या दोन्ही बाजूंना ब्रशने पातळ, पण अखंड लावली आणि रिंग गिअरच्या आतही तशीच लावली. जास्त पेस्ट म्हणजे जास्त संरक्षण असे होत नाही. जादा पेस्ट चाक बसवताना पुढे ढकलली जाते, आतल्या पोकळीत साठते आणि ओ-रिंगला जागेवरून सरकवू शकते. सर्व ओ-रिंग नव्या घातल्या, त्यांच्या खाचा कापडाने पुसून घेतल्या आणि त्यांना थोडे ग्रीस लावले, म्हणजे फ्लँज सरकताना त्या पिळल्या जात नाहीत. दोन्ही सांध्यांवर शाफ्टच्या टोकांनाही हीच पेस्ट लावली. काम करताना ब्रेकच्या डिस्कपासून हात दूर ठेवावा, कारण मॉलिब्डेनमचा हात एकदा डिस्कला किंवा पॅडला लागला तर ब्रेकची पकड जाते आणि ते सहजी पुसले जात नाही.

तेल बदलणे हे या सगळ्यात सोपे काम. फायनल ड्राइव्हमध्ये तेल लागते दीडशे मिलीलीटरच्या आसपास. पिनियन आणि रिंग गिअर ही हायपॉइड जोडी असल्याने दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, जोराने घसरतातही, म्हणून त्यांना गंधक आणि फॉस्फरसची संयुगे असलेले जीएल-5 दर्जाचे हायपॉइड गिअर ऑइल लागते. आम्ही 80डब्ल्यू-90 या दाटपणाचे तेल वापरले. फेरफटका मारून तेल कोमट झाल्यावर काढावे, ड्रेन बोल्टचे वॉशर नवे घालावे आणि गाडी सरळ उभी करून भरणीच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत तेल भरावे. साइड स्टँडवर भरले तर पातळी चुकते. बोल्ट ॲल्युमिनियमच्या आट्यांत बसतात, त्यामुळे टॉर्क रेंचऐवजी मनगटाच्या अंदाजावर विसंबणे येथे महागात पडते.

त्यानंतर

गाडी रस्त्यावर आल्यावर ठोका पूर्णपणे गेला नाही, आणि तो जाणारही नव्हता, कारण गिअरबॉक्सचा आणि गिअर जोडीचा नैसर्गिक खेळ कायम आहे. धातू आपटल्याचा तीव्र आवाज मात्र थांबला. मागचा टायर पुन्हा झिजण्याची वाट न पाहता मध्येच एकदा चाक काढून तपासणी केली. वापरलेली पेटी आणि नवी फ्लँज एकमेकांशी कशी जुळतात हे पाहणे आवश्यक होते. दातांवर काळा ओला थर अखंड होता, लाल भुकटी कोठेही नव्हती आणि भार घेणाऱ्या बाजूवरील चमक दाताच्या पूर्ण लांबीवर सारखी पसरली होती. ती एकाच टोकाला असती तर जोडणीतील तिरकेपणा समजला असता आणि नट पुन्हा ढिले करून सर्व क्रम नव्याने करावा लागला असता.

दादांनी आपली पद्धतही बदलली. आता ते गाडी टायरच्या दुकानात नेत नाहीत. चाक घरी काढतात, फक्त चाक कारच्या डिकीत टाकून दुकानात नेतात, आणि परत आणल्यावर स्प्लाइन पुसून, पाहून, पेस्ट व नव्या ओ-रिंग घालून स्वतः बसवतात. टायर आणि स्प्लाइन या दोन्ही गोष्टी त्यामुळे एकाच माणसाच्या एकाच यादीत आल्या. गाडीच्या फाइलमध्ये आता टायरच्या प्रत्येक बिलामागे फ्लँजचा एक फोटो असतो, आणि दातांचा माथा मागच्या वेळेपेक्षा निमुळता झाला आहे का, हे दोन फोटो शेजारी ठेवले की कळते.

महाराष्ट्रात शाफ्टच्या मोटारसायकली थोड्याच, पण पुणे-मुंबईकडे बीएमडब्ल्यूच्या जीएस मालिकेतील आणि गोल्ड विंगसारख्या गाड्या बाळगणारे हौशी लोक आहेत. त्यांनी हे प्रकरण वाचताना एक फरक लक्षात घ्यावा. अशा बऱ्याच गाड्यांचा स्विंगआर्म एकाच बाजूला असतो आणि चाक कारच्या चाकाप्रमाणे बोल्ट सोडून बाजूला येते. चाक निघते, पण शाफ्टचा कोणताही सांधा उघडा पडत नाही. टायर बदलणे त्यामुळे सोपे होते, पण तपासणीची जी आपोआप मिळणारी संधी व्हॅल्करीच्या मालकाला दर टायरला मिळते ती त्यांना मिळत नाही. त्यांना शाफ्टच्या तपासणीसाठी वेगळी तारीख ठरवावी लागते, आणि आपल्याकडे ती पावसाळा संपल्यावरची असावी असे मला वाटते. शाफ्टवरील रबरी बूट (सांध्यावरचे आवरण) सरकवून आत पाणी किंवा गंज आहे का ते पाहावे, बूटच्या कडा जागेवर नीट बसल्या आहेत का ते पाहावे, विशेषतः गाडी प्रेशरने धुतली जात असेल किंवा कोकणातल्या खाऱ्या हवेत उभी राहत असेल तर. स्प्लाइनसाठी लागणारी पेस्ट मोटारसायकलच्या दुकानात मिळाली नाही तर औद्योगिक वंगणे विकणाऱ्यांकडे असेंब्ली पेस्ट म्हणून मागावी आणि डब्यावरील मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे प्रमाण वाचूनच घ्यावी.

दादांच्या गाडीत एक भाग अजून लक्ष ठेवण्याजोगा उरला आहे, तो म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट. शाफ्ट बाहेर असताना तो बोटांनी दोन्ही अक्षांत फिरवून पाहिला तेव्हा तो मोकळा होता आणि त्यात खेळ नव्हता, पण एका दिशेत किंचित जडपणा जाणवला. त्याच्या आतील सुई बेअरिंगना बाहेरून ग्रीस देण्याची सोय नाही, त्यामुळे तो बिघडला की संपूर्ण बदलावा लागतो. त्याचा कंप कमी वेगात नव्हे, तर वेग वाढेल तसा वाढत जातो आणि पायाच्या फळीवर जाणवतो, म्हणजेच या प्रकरणातील ठोक्यापेक्षा त्याचे लक्षण वेगळे ओळखता येते. पुढच्या वेळी मागचा टायर बदलताना फायनल ड्राइव्ह पुन्हा काढून तो जडपणा वाढला आहे का हे पाहायचे आणि वाढला असेल तर त्याच बैठकीत तो बदलायचा, असे आम्ही ठरवले आहे. त्यासाठी लागणारा जॉइंट दादांनी आधीच मागवून ठेवला आहे.